नव्या धक्क्यापासून जुन्या धक्क्यापर्यंत

एजियन समुद्रात फिरणाऱ्या क्रूझच्या बोटी बहुधा भल्या सकाळी कुशादासीच्या धक्क्याला लागतात. डेकवरून बघितलं तर एक छोटंसं बेट दिसतं. त्यावर बुटका किल्ला आहे आणि किनाऱ्याला जोडणारा एक बांध. तुर्की भाषेत कुश म्हणजे पक्षी आणि आदा म्हणजे बेट, गावाचं नाव त्यावरूनच पडलं आहे. धक्क्यासमोरच 1618 साली बांधलेली दगडी कारवानसराय उभी आहे. बोटीतून उतरवलेला माल आणि त्यामागून येणारे व्यापारी या सराईत रात्रीपुरते विसावत. इटलीचे दर्यावर्दी या बंदराला 'स्काला नोव्हा' म्हणत. स्काला म्हणजे माल आणि माणसं उतरवायचा धक्का. आपल्याकडे भाऊचा धक्का आहे, तसा हा 'नवा धक्का'.

नवा म्हटला की जुना कुठे, हा प्रश्न आलाच. जुना धक्का इथून सुमारे 20 किलोमीटरवर आहे आणि त्याच्या आसपास समुद्र नाही. तिथे आहेत शेतं, लव्हाळी आणि संगमरवराचा एक रस्ता. हा रस्ता थेट पाण्याच्या काठापर्यंत जात असे, आज तो गवतात संपतो. ते गाव म्हणजे इफिसस. तुर्की लोक त्याला एफेस म्हणतात. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ते 'इफिस' म्हणून ठाऊक आहे, कारण नव्या करारातलं एक पत्र इफिसकरांनाच लिहिलेलं आहे.

बोटीवरून उतरून स्वतःच्या पायांनी, सार्वजनिक वाहनाने इफिससला जाऊन वेळेत परत कसं यायचं, ते या प्रकरणात सांगायचं आहे. पण ती माहिती देताना मला आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. धक्का आणि अवशेष यांच्यामधलं हे अंतर प्रवासी मंडळी अडचण समजतात आणि एसी बसमध्ये डोळे मिटून पार करतात. खरं तर इफिससची निम्मी गोष्ट त्या अंतरातच आहे.

क्रूझ कंपनीची सहल वाईट असते, असं मी म्हणणार नाही. गुडघे दुखत असतील, बरोबर लहान मूल असेल किंवा बोट पाच-सहा तासच थांबणार असेल, तर ती सहल घ्यावी. तिची मोठी जमेची बाजू म्हणजे कंपनीचीच बस उशिरा आली तर बोट सहसा तिच्यासाठी थांबते. आपण एकटे गेलो आणि उशीर झाला तर बोट निघून जाते. हा फरक मनावर कोरून ठेवायचा आणि बाकीचे सगळे बेत त्यानंतर करायचे. पण बोट संध्याकाळपर्यंत थांबणार असेल आणि दोन-तीन तास उन्हात चालायची तयारी असेल, तर सहलीची गरज नाही. पैसे तर वाचतातच. त्याहून मोठा लाभ असा की कुठे किती वेळ रेंगाळायचं, हे आपल्या हातात राहतं.

घर सोडण्यापूर्वी एक काम करावं लागतं आणि आपल्याकडचे प्रवासी नेमके तिथेच अडकतात. या बोटी बहुधा ग्रीसच्या पिरेयस बंदरातून निघतात, मधे तुर्कस्तानला लागतात आणि पुन्हा ग्रीसच्या बेटांवर जातात. म्हणजे आपण शेंगेनच्या हद्दीतून बाहेर पडून परत आत येतो. त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा चालत नाही, अनेक प्रवेशांचाच लागतो. तुर्कस्तानचा प्रश्न वेगळा. बंदरात काही तास उतरणाऱ्या पर्यटकांना 72 तासांपर्यंत व्हिसाची सूट देण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे, पण ती तिथल्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर असते. आपल्या बोटीवर भारतीय पासपोर्टला ही सूट मिळते का, हे बुकिंग करतानाच कंपनीकडून लेखी घ्यावं. वैध शेंगेन, अमेरिकी किंवा ब्रिटिश व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा काढता येतो. ज्यांना धाकधूक नको, त्यांनी तो काढूनच निघावं. बऱ्याच बोटींवर पासपोर्ट बोटीच्या कचेरीत जमा असतात, म्हणून त्याची छायाप्रत खिशात ठेवावी. बोटीवर रोज जो कार्यक्रमाचा कागद मिळतो, त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. तो कागदही घडी करून बरोबर घ्यावा.

घड्याळाचाही एक पेच आहे. तुर्कस्तानने 2016 पासून वर्षभर एकच वेळ ठेवली आहे, ग्रीस मात्र उन्हाळ्या-हिवाळ्यात काटे पुढेमागे करतो. त्यामुळे उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ असते आणि ऑक्टोबरअखेरीपासून मार्चअखेरीपर्यंत तासाभराचा फरक पडतो. त्यातून काही बोटी आपली स्वतःचीच वेळ पाळतात. मोबाइल किनाऱ्यावरची वेळ आपोआप दाखवू लागतो आणि माणूस फसतो. शिडी उतरताना बोटीचं घड्याळ बघून मनगटावरचं घड्याळ तसंच लावावं. दिवसभर त्याच्याशिवाय दुसऱ्या कशावर विश्वास ठेवू नये.

आता वाहन. धक्क्याच्या दाराबाहेर टॅक्सीवाले उभे असतात. जाऊन-येऊन आणि मधे थांबून किती घेणार, हे आधी ठरवून घेतलं तर चौघांच्या कुटुंबाला टॅक्सी सोयीची पडते. पण या रस्त्याचं खरं वाहन दोलमुश. शब्दाचा अर्थच 'भरलेला'. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही, दोलमुश म्हणजे तुर्की वडाप. ठरलेल्या मार्गावर धावणारी छोटी बस, रस्त्यात हात दाखवला की थांबते, सांगाल तिथे उतरवते आणि पैसे रोख लिरांत घेते. कुशादासी ते सेल्चुक या मार्गाचा दोलमुश पकडायचा, सेल्चुक हे इफिससजवळचं गाव. तो धक्क्यावरून सुटत नाही, त्यासाठी गावात चढावर काही अंतर चालावं लागतं. वाटेत कोणालाही 'सेल्चुक दोलमुश?' एवढं विचारलं तरी लोक बोट दाखवतात. आज दोलमुश बंद आहे, असं टॅक्सीजवळ उभ्या असलेल्या कोणी सांगितलं तर ऐकून पुढे चालू लागावं.

भाषेची भीती बाळगायचं कारण नाही. तुर्की भाषा आपल्याला परकी वाटते ती कानाला, शब्दांना नव्हे. फारसी आणि अरबीतून आलेले कितीतरी शब्द त्यांच्याकडे आणि आपल्याकडेही वस्तीला आले आहेत. दुकान तिथे द्युक्कान, साबण साबुन, हवा हावा आणि हॉटेलातलं बिल हेसाप, म्हणजे आपला हिशेबच. चहा तर चाय. गाडीत बसताना चालकाला 'एफेस' एवढंच सांगावं, म्हणजे तो फाट्यावर उतरवतो. फाटा जवळ आला की 'इनेजेक वार' म्हणायचं, म्हणजे कोणीतरी उतरणार आहे. हे दोन शब्द म्हटले की मागे वळून बघणारे आजोबा हसतात आणि चालकाला पुन्हा मोठ्याने ओरडून सांगतात.

गाडी आधी किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे जाते. पामुजाकच्या लांबलचक पुळणीजवळ समुद्राची साथ सुटते आणि रस्ता आत, पूर्वेला वळतो. इथून पुढची जमीन तळहातासारखी सपाट आहे. फळबागा आणि शेतं लागतात. मधूनच पाणथळ जागा दिसते. खिडकीजवळ बसायला मिळालं तर ही सपाटी नीट बघून घ्या. दोन हजार वर्षांपूर्वी इथून फिरायचं झालं तर बराच भाग होडीने पार करावा लागला असता.

फाट्यापासून खालच्या दारापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. इफिससला दारं दोन, एक वरचं आणि एक खालचं. शहर दोन डोंगरांच्या बेचक्यात उतारावर वसलेलं, त्यामुळे जवळपास सगळ्या सहली बसने वरच्या दाराशी उतरतात, उतारावरून चालत खालच्या दाराने बाहेर पडतात आणि तिथे पुन्हा बसमध्ये बसतात. पायांना हेच सोपं, यात वाद नाही. एकट्याने जाणाऱ्यांनीही सेल्चुकपर्यंत जावं, तिथून टॅक्सीने वरचं दार गाठावं आणि मग उतरत यावं, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. माझ्या मते बोटीने आलेल्या माणसाने खालच्या दारानेच आत जावं.

त्याचं एक कारण व्यवहाराचं आहे. सकाळी दार उघडतं तेव्हा सगळे गट वरून सुरुवात करतात. त्यांना नाट्यगृहापर्यंत उतरायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ खालचा सगळा भाग, म्हणजे बंदराचा रस्ता, नाट्यगृह आणि ग्रंथालय, जवळजवळ रिकामा असतो. शिवाय सेल्ससच्या ग्रंथालयाचं तोंड पूर्वेला आहे, सकाळचं ऊन थेट त्याच्या खांबांवर पडतं. दुसरं कारण इतिहासाचं. रोमन काळात आशिया प्रांताचा नवा प्रशासक यायचा तो समुद्रमार्गानेच यावा आणि प्रांतातल्या मोठ्या शहरांपैकी त्याने पहिलं पाऊल इफिससलाच ठेवावं, असा दंडक होता. उल्पियन या रोमन कायदेपंडिताने तो नोंदवून ठेवला आहे. बोटीने आलेला पाहुणा या शहरात खालूनच शिरत असे. धक्क्यावर उतरायचं, समोरच्या सरळ रस्त्याने चालायचं आणि नाट्यगृहाची प्रचंड अर्धगोल भिंत हळूहळू डोळ्यांत भरू द्यायची. शहर बांधणाऱ्यांनी त्याची दर्शनी बाजू समुद्राकडे ठेवली होती. वरून येणारा शहरात मागच्या दाराने शिरतो.

आत गेल्यावर म्हणूनच आधी बंदराच्या रस्त्याकडे वळावं. आर्केडियस या सम्राटाने त्याची डागडुजी केली, त्यावरून त्याला आर्केडियाने म्हणतात. लांबी 500 मीटरहून थोडी जास्त, रुंदी 11 मीटर, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी. इथे सापडलेल्या एका लेखात रस्त्यावर लावलेल्या 50 दिव्यांचा उल्लेख आहे. रात्री बोट लागली तर उतारूंना उजेडात चालत शहरात जाता येई. प्राचीन जगात ही सोय असलेली शहरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. काही भाग कधीकधी दोर लावून बंद असतो, पण नाट्यगृहाच्या पायऱ्या चढून मागे वळलं की तो संपूर्ण दिसतो. नजर त्याच्या टोकापर्यंत न्यावी. तिथे पाणी असायला हवं. दिसतो तो हिरवा, दलदलीचा खोलगट पट्टा, त्यात लव्हाळी माजलेली. खरा समुद्र त्याच्याही पलीकडे पाच-सहा किलोमीटरवर आहे.

हे केलं ते नदीने. ग्रीक लोक तिला काइस्ट्रोस म्हणत, आज तिचं नाव क्युचुक मेंदेरेस, म्हणजे धाकटी मेंदेरेस. आतल्या डोंगरांवरची झाडं तुटत गेली, जमिनी नांगरल्या गेल्या आणि दर पावसाळ्यात नदी माती घेऊन खाली येत राहिली. ज्या खाडीच्या काठावर इफिसस वसलं होतं, ती खाडी तिने भरत आणली. एका दृष्टीने या शहराचा इतिहास म्हणजे मागे हटणाऱ्या पाण्याचा पाठलाग आहे. सगळ्यात जुनी वस्ती आर्टेमिस देवीच्या देवळाच्या आसपास होती. समुद्र एके काळी देवळापर्यंत येत असे, असं रोमन लेखक प्लिनीने लिहिलं आहे. अलेक्झांडरचा सरदार लायसिमॅकस याने इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला गाव तिथून उठवून आजच्या जागी, डोंगरांच्या बेचक्यात आणलं. लोक हलायला तयार नव्हते. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो सांगतो की लायसिमॅकसने मुसळधार पावसाची वाट बघितली आणि गटारांची तोंडं बुजवली. घरांत पाणी शिरलं, तेव्हा लोक आपणहून निघाले.

नव्या जागीही नदी मागोमाग आलीच. पर्गामनचा राजा दुसरा अटॅलस याच्या काळात बंदराच्या तोंडाशी एक बांध घातला गेला. तोंड अरुंद केलं की पाणी खोल राहील आणि मोठी गलबतं आत येतील, असा हिशेब होता. झालं उलटंच. पूर्वी भरती-ओहोटीच्या येण्याजाण्याने निदान थोडा गाळ बाहेर वाहून जाई, आता तो बांधाच्या आत साचू लागला. हेही स्ट्राबोनेच नोंदवलं आहे. पुढे रोमन सम्राट नीरोच्या काळात बारेआ सोरानस या प्रशासकाने बंदर मोकळं करून घेतलं. हेड्रियन सम्राटाने दुसऱ्या शतकात बंदर पुन्हा वापरण्याजोगं केलं आणि काइस्ट्रोसचं पाणी दुसरीकडे वळवलं, म्हणून शहराने त्याचा जाहीर गौरव केला.

या साऱ्यांत मला सगळ्यात जिवंत वाटतो तो लुसियस अँटोनियस अल्बस या प्रशासकाचा दुसऱ्या शतकातला हुकूम. तो दगडावर कोरलेला सापडला. त्याने लाकडाच्या आणि दगडाच्या व्यापाऱ्यांना ताकीद दिली होती, की धक्क्यावर ओंडके रचू नका आणि दगड कापू नका. ओंडक्यांच्या भाराने धक्क्याचे खांब खचतात आणि दगड कापताना वापरलेली कुरुंदाची भुकटी पाण्यात टाकल्याने बंदर भरत जातं. हा हुकूम वाचला की बंदरावरची ती सकाळ डोळ्यांपुढे उभी राहते. करवतींचा आवाज, पांढरी धूळ, हुज्जत घालणारे व्यापारी आणि आपलं बंदर मरत चाललं आहे हे कळलेला एक अधिकारी. नदीला हुकूम देता येत नव्हता, म्हणून तो करवतवाल्यांना देत होता.

मागे वळलं की नाट्यगृह. सुमारे 24 ते 25 हजार माणसं इथे बसू शकत. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात ज्या दंग्याची हकिगत आहे, तो इथेच झाला. आर्टेमिसच्या देवळाच्या चांदीच्या प्रतिकृती विकून पोट भरणारा देमेत्रियस नावाचा सोनार होता. ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या प्रचाराने धंदा बसेल, या भीतीने त्याने कारागिरांना भडकवलं. जमाव नाट्यगृहात घुसला आणि दोन तास देवीच्या नावाचा घोष करत राहिला. शेवटी शहराच्या चिटणिसाने समजूत घालून लोकांना घरी पाठवलं. हे सारं वरच्या पायरीवर बसून आठवावं. समोर बंदराचा रस्ता असतोच.

नाट्यगृहाकडून संगमरवरी रस्त्याने पुढे गेलं की सेल्ससचं ग्रंथालय. टायबेरियस ज्युलियस सेल्सस हा इ.स. 92 मध्ये रोमचा कॉन्सल होता, पुढे आशिया प्रांताचा प्रशासक झाला. त्याच्या मुलाने, ज्युलियस अक्विलाने, वडिलांची समाधी आणि ग्रंथालय अशी एकच इमारत बांधायला घेतली आणि ग्रंथखरेदीसाठी 25,000 दिनार वेगळे ठेवले. सेल्ससची शवपेटी आजही इमारतीखाली आहे. ग्रंथांच्या गुंडाळ्या ठेवायच्या कोनाड्यांमागे दुहेरी भिंत आहे, ओल आत येऊ नये म्हणून. कोकणात ज्याने पावसाळ्यात पुस्तकं सांभाळली आहेत, त्याला त्या भिंतीपुढे क्षणभर थांबावंसं वाटेल. दर्शनी भाग भूकंपात कोसळून शतकानुशतकं विखरून पडला होता. ऑस्ट्रियाच्या पुरातत्त्वज्ञांनी 1970 ते 1978 या काळात तुकडा तुकडा जुळवून तो पुन्हा उभा केला. कोनाड्यांतल्या चार स्त्रिया, म्हणजे शहाणपण, ज्ञान, विचार आणि सद्गुण यांच्या मूर्ती, प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत.

एव्हाना वरून गट उतरू लागलेले असतात. गर्दीच्या उलट दिशेने चढ चढताना थोडी धक्काबुक्की होते, पण वाटेत एक आसरा आहे. ग्रंथालयाच्या वरच्या अंगाला, उतारावर, छपराखाली जपलेली श्रीमंतांची घरं आहेत. त्यांचं तिकीट वेगळं असतं आणि म्हणूनच बरेच जण ती टाळतात. टाळू नयेत. बाहेर चौक आणि देवळं दिसतात, राहती माणसं दिसतात ती इथेच. भिंतींवरचे रंग अजून ओळखू येतात. जमिनीवर मोझेक आहे, नळांनी आलेलं पाणी, खालून गरम होणारी न्हाणीघरं. संगमरवराच्या हजारो चिपा टेबलांवर मांडून जुळवण्याचं काम चालतं, तेही बघायला मिळतं. आणि सावली मिळते. बाकी साऱ्या शहरात ती जवळजवळ नाहीच. जुलै-ऑगस्टमध्ये पांढरा दगड वरूनही तापवतो आणि खालूनही. टोपी, भरपूर पाणी आणि न घसरणारे तळवे असलेले बूट हवेत, कारण दोन हजार वर्षांच्या पावलांनी फरशी गुळगुळीत झाली आहे. स्वच्छतागृहं दारांपाशीच आहेत. वर हेड्रियनचं देऊळ आणि सभागृह आहे, त्यांच्यापलीकडे सरकारी चौक. वेळ असेल तसं बघावं आणि आल्या वाटेने खाली यावं. उतरताना रस्ता पुन्हा नवा दिसतो.

दारांजवळ जुनी नाणी विकणारे भेटतात. नाणं खोटं असेल तर पैसे गेले. खरं असेल तर त्याहून वाईट, कारण तुर्कस्तानातून पुरातन वस्तू बाहेर नेणं हा गंभीर गुन्हा आहे. जमिनीवरची खापरीसुद्धा उचलू नये. दुसऱ्या दारापर्यंत फुकट सोडतो, असं कोणी म्हणालं तर वाटेत गालिचाचं किंवा चामड्याचं दुकान लागणार, हे धरून चालावं.

खालच्या दारातून बाहेर पडल्यावर थेट कुशादासीची गाडी पकडायचा मोह होतो. फाट्यावर ती मिळतेही, पण मोसमात ती सेल्चुकहूनच भरून येते आणि हात दाखवला तरी थांबत नाही. घड्याळात दोन-अडीच तास शिल्लक असतील तर उलट दिशेने, सेल्चुककडे चालू लागावं. साधारण तीन किलोमीटर अंतर आहे. बराचसा रस्ता झाडांच्या सावलीतून जातो. सेल्चुकच्या बसतळावर रिकाम्या गाडीत बसायला जागा मिळते आणि वाटेत जिच्यासाठी जुने प्रवासी इफिससला येत, ती जागा लागते.

आर्टेमिसचं देऊळ हे प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. सुमारे 115 मीटर लांब, प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे 127 खांब. इ.स.पू. 356 मध्ये ते जाळलं गेलं, पुन्हा बांधलं गेलं, तिसऱ्या शतकात गॉथ टोळ्यांनी उद्ध्वस्त केलं आणि मग त्याचे दगड इतर इमारतींसाठी गेले. उरलेलं सगळं नदीच्या मातीखाली गेलं. इतकं, की ते नेमकं कुठे होतं हेही कोणाला सांगता येईना. ते शोधलं जॉन टर्टल वुड या इंग्रज वास्तुकाराने. स्मिर्ना, म्हणजे आजचं इझमीर, ते आयदिन या रेल्वेमार्गाच्या स्थानकांचं काम करायला तो आला होता. 1863 मध्ये त्याने शोध सुरू केला. कित्येक वर्षं खणूनही काही हाती लागेना. मग नाट्यगृहात एक लांबलचक लेख सापडला. इ.स. 104 मध्ये सालुटारिस नावाच्या धनिकाने सोन्याचांदीच्या मूर्ती दान केल्या होत्या. त्या मूर्तींची मिरवणूक देवळातून निघून मॅग्नेशियाच्या वेशीने शहरात यावी, नाट्यगृहात जावी आणि दुसऱ्या वेशीने देवळाकडे परतावी, असं त्यात लिहिलं होतं. वुडने आधी ती वेस शोधली. मग वेशीतून बाहेर जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या फरसबंदीमागे तो खणत खणत गेला. आपल्याकडची पालखी ज्या वाटेने देवळाकडे परतते, त्याच वाटेने जाऊन देऊळ गाठावं, तसं. 1869 च्या 31 डिसेंबरला, सुमारे 6 मीटर मातीखाली, त्याला देवळाची संगमरवरी जमीन लागली.

आज तिथे एक खड्डा आहे. खड्ड्यात पाणी, बेडूक आणि तुकड्यांवर तुकडे रचून उभा केलेला एकच खांब. त्याच्या माथ्यावर करकोचे घरटं करतात. तिथे पोचल्यावर 'एवढंच?' असं तोंडून जातं. पण खड्ड्याच्या काठावरून खालच्या जमिनीकडे बघा. तुम्ही उभे आहात ती आजची जमीन आणि खाली दिसते ती देवीच्या भक्तांची. मधली सगळी उंची नदीने आणून टाकली आहे. गावातल्या संग्रहालयात आर्टेमिसच्या संगमरवरी मूर्ती आहेत, 1956 मध्ये सापडलेल्या. अर्धा तास असेल तर त्या बघाव्यात, नसेल तर हळहळू नये.

मराठी वाचकाला ही गोष्ट फार लांबची वाटू नये. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत आपल्या किनाऱ्यावरची सुप्पारा, कॅलिएना आणि सेमिल्ला ही बंदरं आहेत. म्हणजे सोपारा, कल्याण आणि चौल. सोपाऱ्याला आज मोठं जहाज लागण्याची कल्पनाही करवत नाही, खाडी गाळाने भरली आहे. तिथला स्तूप 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. त्यात दगडी पेटी आणि ब्राँझच्या बुद्धमूर्ती सापडल्या. अशोकाच्या आज्ञेचा तुकडाही सोपाऱ्याचाच. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेला परदेशी प्रवासी लोकलने नालासोपाऱ्याला जाऊ शकतो, आणि तोही नव्या धक्क्यापासून जुन्या धक्क्यापर्यंतचाच प्रवास असेल.

परतीचा हिशेब उलटा मांडावा. बोटीची शिडी संध्याकाळी साडेपाचला उचलणार असेल तर साडेचारला धक्क्यावर असायचं. गाडीला अर्धा तास, गाडी भरायला किंवा सुटायला आणखी अर्धा तास, बसतळापर्यंत चालायला वीस मिनिटं. म्हणजे तीनच्या सुमारास, जिथे असाल तिथून निघायचं. करकोच्याची पिल्लं कितीही गोड दिसत असली तरी. शेवटची गाडी नव्हे, शेवटच्या आधीच्या आधीची गाडी आपली, असं समजावं. आणि एवढं करूनही गाडी वेळेवर सुटेना, तर टॅक्सीपुरत्या लिरा वेगळ्या ठेवलेल्या असाव्यात.

सेल्चुकहून गाडी सुटली की उजवीकडची जागा धरा. डावीकडे डोंगर आणि इफिससचा फाटा जातो. उजवीकडे नदीने घडवलेली सपाटी पसरलेली असते. फाटा मागे पडला की घड्याळात बघा आणि पामुजाकच्या वळणावर पहिल्यांदा समुद्र दिसेल तेव्हा पुन्हा बघा. मधे जेवढी मिनिटं जातात, तेवढ्या रस्त्यावर एके काळी वल्ही मारली जात होती. तुमच्या शेजारी बहुधा सेल्चुकच्या बाजारातून भाजी घेऊन निघालेली एखादी आजी असेल, मांडीवर पिशवी धरून. पुढच्या वळणावर किल्ल्याचं बेट दिसतं आणि त्याच्यामागे तुमची बोट, अजून धक्क्यालाच बांधलेली.